चटईशेजारचा पंप

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रोज सकाळी प्राणायामाचा वर्ग भरतो. मी तिथे बसते तेव्हा चटईच्या उजव्या हाताला पाण्याची बाटली असते आणि तिच्या शेजारी माझा निळा पंप. पंप म्हणजे दम्याचं औषध ओढायचा तो, बोटाने दाबायचा. बाटलीबद्दल कोणाची तक्रार नाही. पंप मात्र खुपतो. एका काकूंनी मला अगदी प्रेमाने सुचवलं की तो पर्समध्ये ठेवत जा, ग्रुपवर फोटो टाकताना मध्ये येतो. मी म्हटलं, येऊ दे काकू, तो आहे म्हणून मी फोटोत आहे. काकू हसल्या, पण तेव्हापासून फोटो काढताना मोबाईल जरा डावीकडे वळवतात. मग मीही पंप डाव्या हाताला ठेवायला लागले.

हा हट्टीपणा आहे हे मला मान्य आहे. पण तो उगाच आलेला नाही.

मला लहानपणापासून दमा आहे. आम्ही मूळचे कोकणातले, वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही मानखुर्दला राहायला आलो आणि वडील मिळेल ते काम करत राहिले. तिथून गोवंडीच्या बाजूला कचऱ्याचे डोंगर. त्यांना आग लागली की ती दिवसेंदिवस धुमसायची आणि वारा फिरला की धूर थेट आमच्या दारात. आई खिडक्या लावून फटींमध्ये ओली फडकी कोंबायची. धूर तरीही यायचा, शिवाय घरात ओल्या फडक्यांचा वास. मी पलंगावर दोन्ही हात टेकून बसायचे आणि माझ्या छातीतून येणारी शिट्टी शेजारच्या घरात ऐकू जाईल या भीतीने आई रेडिओ मोठा करायची.

कारण दमा ही आमच्या घरात सांगायची गोष्ट नव्हती. कोणी विचारलंच तर आई म्हणायची, ‘तिका जरा धाप लागता.’ दमा म्हाताऱ्याकोताऱ्यांना होतो, मुलीला झालेला कोणाला कळला तर तिचं लग्न कसं व्हायचं, हा तिचा सरळ हिशेब होता. त्यामुळे माझा पंप शिलाई मशीनच्या खणात, रिळांच्या खाली राहायचा. पाहुणे आले आणि मला धाप लागली, तर मी दोरा शोधायच्या निमित्ताने मशीनपाशी जायचे, पंप ओढणीत लपवायचे आणि मोरीत जाऊन नळ सोडून ओढायचे. पंपाचा ‘फुस्स’ असा आवाज येतो. नळाच्या आवाजात तो बुडतो हे आईनेच शोधून काढलं होतं.

पुढे मला बघायला लोक येऊ लागले तेव्हा तर आई त्या दिवशी सकाळपासून माझ्या नाकावर पहारा ठेवायची. मी आधीच पंप ओढून, पावडर लावून, ट्रे हातात धरून बाहेर यायचे. धाप लागत असताना ती न दिसता बसायचं कसं, हे मी त्या बाहेरच्या खोलीत शिकले. खांदे हलू द्यायचे नाहीत. ओठ किंचित उघडे ठेवून श्वास हळूहळू सोडायचा. प्रश्न विचारला तर उत्तर छोटं द्यायचं, लांब वाक्याला हवा पुरत नाही. बघायला आलेल्यांना वाटायचं, मुलगी शांत आहे, मोजकं बोलते. माझी पहिली श्वसनसाधना ही अशी झाली, कांदेपोह्यांच्या समोर.

मग एक दिवस मला त्याचा मनापासून वीट आला. आलेल्या मंडळींमधल्या एका मामांनी असं काही अत्तर फासलं होतं की ते दारात असतानाच माझी छाती आवळली. मी ट्रे ठेवला, थोडा वेळ तो शांतपणाचा अभिनय केला, आणि मग मला वाटलं की बास झालं. मी उठले, सगळ्यांसमोर मशीनचा खण उघडला, रिळं बाजूला केली, पंप काढला आणि तिथेच उभं राहून ओढला. आईचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, ‘मला दमा आहे. आता विचारा काय विचारायचं ते.’ मला बघायला आलेला मुलगा उठला, खिडकीपाशी गेला आणि ती उघडली. मी त्याच्याशीच लग्न केलं. आई मात्र आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

लग्नानंतर मी मुलुंडला आले आणि पहिल्याच दिवशी पंप दाराजवळच्या किल्ल्यांच्या खुंटीखाली, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. पुढे मुलगी झाली. शाळेत जायला लागल्यावर तिच्याही छातीत तीच शिट्टी वाजायला लागली तेव्हा मी रडले, खोटं कशाला बोलू. पण मनाशी एक गोष्ट पक्की केली. दमा मी तिला दिला असेन, लपवाछपवी देणार नाही. किल्ल्यांच्या खाली आता दोघींचे पंप ठेवलेले असायचे. निळा धाप लागली तर घ्यायचा, आणि दुसरा रोज सकाळ-संध्याकाळ, धाप लागूच नये म्हणून.

प्राणायामाकडे मी वळले ती लॉकडाऊननंतर. त्या काळात श्वास या एकाच गोष्टीची माझ्या मनाने इतकी धास्ती घेतली होती की दमा उसळलेला नसतानाही मला धाप लागायची. आमच्याच सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ गच्चीवर वर्ग घेऊ लागले होते. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. सत्तरी ओलांडलेले, पाठ ताठ, आवाज खणखणीत, आणि सगळं विनामूल्य. मी नाक मुरडतच गेले. समोरच्या इमारतीचा पुनर्विकास चालला होता, सिमेंटची धूळ सकाळपासून हवेत असायची, आणि सर डोळे मिटून सांगत, शुद्ध हवा आत घ्या. मी डोळे उघडे ठेवून त्या शुद्ध हवेकडे बघत बसायचे.

पण सर शिकवायचे छान, हे मला इथेच सांगून टाकलं पाहिजे. पहिल्या दिवशी भराभरा पोट आत ओढून कपालभाती करताना मला धाप लागली, तर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि माझ्या छातीच्या डॉक्टरांना विचारून यायला सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जोरजोराने करायचं आणि श्वास खूप वेळ कोंडायचं काही नको, सावकाश करायचं सगळं करा, फक्त औषध बंद करू नका. सरांनी त्याप्रमाणे माझ्यासाठी वेगळा क्रम बसवला. एका नाकपुडीतून घेऊन दुसरीतून सोडायचा अनुलोम-विलोम, भुंग्यासारखा गुणगुणत सोडायचा भ्रामरीचा श्वास, आणि सगळ्यात आधी नुसतं दीर्घ श्वसन, ज्यात सोडणं हे घेण्यापेक्षा लांब.

ते लांब सोडणं हाच माझ्यासाठी सगळा खजिना निघाला. दम्याच्या माणसाला बघून वाटतं की याला हवा आत घेता येत नाहीये. आतून मात्र उलटं असतं. घेतलेली हवा बाहेर पडत नाही, छाती भरलेलीच असते, आणि घाबरलेला माणूस तिच्यावर आणखी हवा ओढायला बघतो. भीतीने धाप वाढते, धापेने भीती. मी आयुष्यभर त्या चक्रात फिरले होते. गच्चीवर बसून, ओठांचा चंबू करून, पोट हळूहळू आत जाऊ देत श्वास सोडायला शिकले तेव्हा काही महिन्यांनी एके दिवशी ऑफिसात धाप लागली आणि माझ्या लक्षात आलं की मी घाबरलेले नाही. पर्स उघडली, पंप घेतला, खुर्चीत टेकून श्वास सोडत बसले आणि थोड्या वेळाने उठून कामाला लागले. हे ज्याला कधी झालं नाही त्याला त्यातली मोठी गोष्ट कळायची नाही.

बाकीचेही फायदे झाले. झोप लागायला लागली. पूर्वी अंथरुणावर पडलं की उद्याच्या सगळ्या कटकटी छातीवर येऊन बसायच्या. आता भ्रामरी करून पडते, डोक्यात थोडा वेळ ती गुणगुण राहते आणि कटकटी कंटाळून निघून जातात. खांदे खाली आले. घाटकोपरच्या ऑफिसात माझ्या तोंडाला लागायला लोक घाबरायचे, तेही जरा सैल झाले, म्हणजे मी बोलते तेच, पण एक श्वास सोडून मग बोलते. निळ्या पंपाची गरज पूर्वीपेक्षा खूप कमी पडू लागली. रोजचा पंप मात्र चालूच होता, आणि डॉक्टरीणबाईंच्या मते या कमी होण्यात त्या रोजच्या पंपाचाही मोठा वाटा होता. माझा दमा गेला नव्हता. दम्याची भीती गेली होती, आणि मला तेवढ्यावर नाचावंसं वाटत होतं.

आता आमच्या वर्गाची एक प्रथा सांगते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी अनुभवकथन असतं. प्राणायामाने काय फायदा झाला ते एकेकाने उभं राहून सांगायचं. सुरुवातीला लोक साधंच बोलायचे, पोट साफ होतं, गुडघा कमी दुखतो. पण टाळ्या ही वाईट गोष्ट आहे. हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की सगळ्यात जास्त टाळ्या गोळी सुटली म्हटल्यावर पडतात. मग एकेकाच्या गोळ्या सुटायला लागल्या. कोणाची थायरॉइडची सुटली, कोणाची ॲसिडिटीची. एका काकांची ब्लडप्रेशरची गोळी सुटली तेव्हा तर त्यांना शाल दिली. त्यांची बायको मला लिफ्टमध्ये म्हणाली, ‘कसली सुटतेय? रोज जेवण झालं की मी हातावर ठेवते. मुकाट गिळतात आणि सकाळी वर जाऊन सुटली म्हणतात.’ मी पोट धरून हसले होते. तेव्हा मला हसू येत होतं.

वर्गाचा वर्धापनदिन करायचं ठरलं. जवळचा एसी हॉल घेतला, आजूबाजूच्या सोसायट्यांना बोलावणं गेलं. सरांनी मला गाठलं आणि सांगितलं की मुख्य अनुभवकथन माझं. दमा ही मोठी गोष्ट, लोकांवर परिणाम होईल. मला आनंदच झाला. मी म्हटलं, भीती कशी गेली ते सांगते. सर म्हणाले, भीतीचं सांगाच, पण शेवटी पंप सुटला असं म्हणा. मी म्हटलं, सर, सुटलेला नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं एखाद्या हुशार विद्यार्थिनीने सोपं गणित चुकवावं. म्हणाले, ‘आज नाही तर वर्षाने सुटेलच ना, ताई. थोडं आधी सांगितलं तर काय बिघडतं? लोक नुसत्या शांतीसाठी गच्चीवर येत नाहीत.’

ते वाईट हेतूने बोलत नव्हते, आणि तेच मला जड जात होतं. या माणसाने माझी अर्धी धाप कमी केली होती. त्याला नाही म्हणताना जीभ रेटत नव्हती. तरी मी नाही म्हटलं. सर दुखावले. पुढचे काही दिवस अनुलोम-विलोम सांगताना ते माझ्या रांगेकडे बघायचे नाहीत. नवरा म्हणाला, एका वाक्याचा प्रश्न आहे, बोलून टाक, तुझा पंप कोण काढून घेतंय. आईला फोन केला तर तिला मुळातच हे स्टेजवर जाणं पसंत नव्हतं. ‘लोकांसमोर कित्याक सांगूक व्हया?’ एवढंच म्हणाली. तिच्यासाठी तो पंप अजून रिळांखालीच होता.

मी कदाचित गप्प बसले असते, स्टेजवर दुसरं कोणी गेलं असतं आणि विषय मिटला असता. पण मध्ये माझी मुलगी आली.

ती नुकतीच कॉलेजात जायला लागली होती. सुट्टी म्हणून काही दिवस माझ्याबरोबर गच्चीवर यायची आणि मला वाटायचं, बरं झालं, लेक लवकर शिकली. एका सकाळी खाली उतरताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबली आणि कठडा धरून उभी राहिली. मला तिची पाठ दिसत होती. खांदे वर-खाली होत होते आणि ती ते होऊ न देण्याची धडपड करत होती. ती धडपड मी ओळखली. त्या बाहेरच्या खोलीत, ट्रे ठेवल्यावर, मी हेच करत होते.

घरी आल्यावर मी तिचा रोजचा पंप उचलला. झाकणावर धूळ होती. विचारलं तर आधी उडवाउडवी केली, मग म्हणाली की तिने बंद केलाय. कॉलेजात मित्रमैत्रिणींसमोर पंप काढायला तिला कसंतरी वाटतं. गच्चीवर सगळ्यांची औषधं सुटतात, सर म्हणतात इच्छाशक्ती पाहिजे, मग आपणही इच्छाशक्ती दाखवावी असं तिने ठरवलं होतं. आणि मग तिने मला विचारलं.

‘आई, तू पण स्टेजवर सांगणारेस ना, सुटला म्हणून? सगळे ग्रुपवर बोलतायत. तुझा सुटतो तर माझा का नाही सुटणार?’

मला इतका संताप आला की अनुलोम-विलोम, भ्रामरी, सगळं पाण्यात गेलं. तिच्यावर नव्हे. त्या टाळ्यांवर, त्या शालीवर, त्या ‘काय बिघडतं’वर. हे बिघडतं. माझी पोर जिना उतरताना कठडा धरते, हे बिघडतं. मी तिला समजावलं, डॉक्टरीणबाईंकडे नेलं, त्यांनी समजावलं. तिने मान डोलावली आणि पंपावरची धूळ तशीच राहिली. त्या वयात आईने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं दोन्ही एकाच कानाने बाहेर जातं. गच्चीवरच्या सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवलेलं मात्र आत राहतं. तेव्हा आता जिथून ते तिच्या डोक्यात शिरलं तिथूनच काढायला हवं, हे मला कळलं. मी सरांना जाऊन सांगितलं की मी बोलणार आहे. ते खूष झाले. काय बोलणार ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

वर्धापनदिनाला हॉल गच्च भरला होता. एसी लावलेला, म्हणून खिडक्या बंद, त्यांवर जाड मखमली पडदे. स्टेजवर समई, हार, आणि बाजूला भलंमोठं धुपाटणं, त्यात नारळाच्या शेंड्या आणि धूप. मी आदल्या आठवड्यात कार्यक्रमाच्या समितीला हात जोडून सांगितलं होतं की श्वासाचा कार्यक्रम आहे, दम्याची, खोकल्याची माणसं येणार, धूर नको. समितीतल्या एकांनी मला समजावलं होतं की हा शुद्ध धूर असतो, याने हवा पवित्र होते. मानखुर्दच्या धुराला निदान कोणी शुद्ध म्हणत नव्हतं.

माझं नाव पुकारलं. मी पर्स मुलीकडे दिली. ती मधल्या रस्त्याच्या कडेला बसली होती, तिचा बाप मागे भिंतीशी उभा. पर्समध्ये माझा निळा पंप होता. तिचा ती घरीच ठेवून आली होती, ते मी निघताना बघितलं होतं.

मी माईक धरला आणि बोलायला सुरुवात केली. सरांचे आभार मानले, मनापासून मानले. श्वास सोडायला शिकणं म्हणजे काय ते सांगितलं, ऑफिसातली ती गोष्ट सांगितली, झोपेचं सांगितलं. लोक ऐकत होते. सर पुढच्या रांगेत, चेहरा फुललेला. मग मी म्हटलं, ‘माझा पंप सुटलेला नाही. तो मी रोज घेते आणि उद्याही घेणार आहे. प्राणायामाने मला बळ दिलं, पंप माझी श्वासनळी उघडतो. दोघं आपापलं काम करतात. तुमच्यापैकी कोणी टाळ्यांसाठी औषध बंद केलं असेल तर आज घरी जाऊन चालू करा.’

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कोणीतरी खुर्ची सरकवली. सरांनी खाली बघितलं. समितीतले एक जण स्टेजच्या कडेला येऊन मला हाताने आटपा अशी खूण करू लागले. मी आणखी एक वाक्य बोलणार होते, ते मुलीसाठी ठेवलं होतं, पण ते काही माझ्या तोंडून निघालं नाही. धुपाटणं माझ्यापासून हातभर अंतरावर होतं आणि इतका वेळ मी लांब लांब वाक्यं बोलत होते. छाती आवळली. पहिली शिट्टी माईकनेच पकडली आणि ती हॉलभर ऐकू गेली.

कोणी म्हणालं पाणी द्या. कोणी म्हणालं अनुलोम-विलोम करा. एक काकू जोरात म्हणाल्या, बघा, नकारात्मक बोललं की असं होतं. मी माईक समोरच्या टेबलावर ठेवला, दोन्ही हात टेकले आणि ओठांचा चंबू केला. श्वास सोडत राहिले. भीती आली नाही, हे सरांचंच देणं होतं, तेही तेव्हा माझ्या डोक्यात होतं. पण नळी आवळलेली होती आणि ती नुसत्या सोडण्याने उघडणारी नव्हती. मी मान वर केली आणि मुलीकडे बघितलं.

ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. तिचेही खांदे वर-खाली होत होते. धूर तिच्यापर्यंत पोचला होता. मी पर्सकडे बोट दाखवलं. ती हलली नाही. तिने आधी आजूबाजूला बघितलं, तिच्या वयाची तीन-चार पोरं शेजारच्याच रांगेत होती. मी त्या क्षणी तिला हाक मारू शकले असते. तिचा बापही पुढे आला असता, तो निघालाच होता, मी त्याला हाताने थांबवलं. आयुष्यात इतकी घाबरलेली असून इतका हट्ट मी कधी केला नव्हता. मला तो पंप तिच्याच हातून हवा होता.

ती उठली. मधल्या रस्त्याने चालत, पर्समध्ये हात घालत, पायऱ्या चढून स्टेजवर आली. तिने पंप बाहेर काढला तेव्हा तो ओढणीत वगैरे लपवला नाही. झाकण काढलं, हलवला आणि माझ्या हातात दिला. मी श्वास पूर्ण सोडला, पंप दाबला, औषध आत ओढलं आणि सरांनी शिकवल्यासारखा श्वास क्षणभर स्थिर धरला. डोळे उघडले तेव्हा सर स्वतः उठून धुपाटणं उचलून बाहेर नेत होते आणि मागे माझा नवरा पडदे ओढून खिडक्या उघडत होता.

मुलगी अजून समोरच उभी होती. धापेमुळे तिला बोलता येत नव्हतं, म्हणून तिने नुसता हात पुढे केला. मी पंप तिच्या हातावर ठेवला. माईक आमच्या मध्येच होता आणि तो बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. माझ्या आईने ज्याच्यावर वर्षानुवर्षं नळ सोडून ठेवला, तो आवाज मुलुंडच्या त्या हॉलमध्ये सगळ्या स्पीकरमधून एकदा माझा आला होता. आता दुसऱ्यांदा आला, आणि तो तिचा होता.